तीन हजारांच्या पुढची बोली

फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "कधी मिळंल?" काय बिघडलंय, कशानं बिघडलंय, यात कुणाला रस नसतो. मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीची बहुतेक वर्षं या प्रश्नाला "उद्या" असं उत्तर देत काढली. त्या एका शब्दावर आमचं अर्धं दुकान चालायचं.

सुरुवात पेजरपासून झाली. नव्वदच्या दशकात कमरेला पेजर लावलेला माणूस रस्त्यानं जरा वेगळाच चालायचा. शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले दर पंधरवड्याला यायचे आणि पेजर टेबलावर आपटून म्हणायचे, "मॅडम, ह्यो वाजत न्हाय." तपासावं तर पेजर ठणठणीत. खरी गोष्ट अशी होती की त्यांना कुणी निरोपच पाठवत नव्हतं. आता हे तोंडावर कसं सांगायचं? मग मी आत जाऊन दुकानाच्या फोनवरून त्यांच्या पेजरवर एक निरोप सोडायची. पेजर वाजला की स्वारी खूश. "तुमच्या हाताला गुण हाय," म्हणून जायचे. पुढं मोबाइल आले. पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलवाल्यांचा मोबाइल तटावरच्या एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच लागायचा. ते फोन बदलून मागायचे. मी म्हणायची, फोन चांगला आहे, हॉटेल त्या दगडापाशी न्या.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही फोन दुरुस्त करतो. खरं म्हणजे आम्ही सुटे भाग बदलतो. बिघाड ओळखायला अक्कल लागते, नाही असं नाही, पण भाग कपाटात असला तर आम्ही हुशार आणि नसला तर बिनडोक. म्हणून आमच्या मालकांना, मगदूमसाहेबांना, मी एकच गोष्ट सतत मागायची: भाग मागवून ठेवा. ते जयसिंगपूरचे, तंबाखूच्या व्यापारातून या धंद्यात आलेले. माल साठवायचं महत्त्व त्यांना सांगावं लागलं नाही.

दोन हजार सालानंतर आम्ही एका परदेशी कंपनीच्या फोनचं काम घेतलं. कंपनीचं नाव आता सांगून उपयोग नाही, आजच्या पोरांना ते ऐकूनही माहीत नसेल. फोन ऐटदार होता. पडदा मोठा, आणि बाजूच्या खोबणीत एक बारीक काडी. ती काडी पडद्यावर टेकवायची की काम व्हायचं. आमच्याकडं सगळे त्याला काडीचा फोन म्हणायचे. नकाशा, गाणी, पत्रं, चित्रं, आज लोकांच्या खिशात जे जे असतं ते बरंचसं त्या फोनमध्ये तेव्हाच होतं. नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. महाग होता आणि लोकांना काडीची भीती वाटायची. तरी माझा त्या फोनवर जीव होता, हे कबूल करते.

या फोनमुळंच मारुतीअण्णा खोतांची ओळख झाली.

अण्णा मार्केट यार्डात गुळाचा सौदा पुकारायचे. ज्यांनी सौदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगामात सकाळी यार्डात गुळाच्या थप्प्या ओळीनं लावलेल्या असतात. गुळाच्या मोठ्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो, आणि रव्यावर रवा रचला की थप्पी. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका थप्पीपाशी थांबतो. कुणी बोट वर करतो, कुणी नुसती मान हलवतो, आणि पुकारणारा दर वाढवत नेतो. अण्णांचा आवाज यार्डाच्या फाटकापर्यंत जायचा. घोळक्यात शिरता न आलेला, लांब बैलगाडीला नाहीतर ट्रॅक्टरला टेकून उभा असलेला शेतकरी आपल्या गुळाचं काय झालं ते अण्णांच्या आवाजावरून ओळखायचा. दर चढेल तसा त्यांचा सूरही चढायचा. आकडा ऐकू आला नाही तरी सूर ऐकून माणसाचा चेहरा खुलायचा.

त्या माणसाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ज्या अडत्याकडं अण्णा कामाला होते त्यानं काडीचा एक फोन विकत घेतला आणि अण्णांना घेऊन आमच्याकडं आला. म्हणाला, "मॅडम, ह्यांचा आवाज ह्यात भरून ठेवता येतोय काय बघा. मला दुसरा माणूस नको."

येत होता. फोनवर आवाज भरून ठेवायची सोय होती आणि पडद्यावर चौकटी मांडता येत होत्या. चौकटीवर काडी टेकवली की तो आवाज वाजणार, आणि गळ्यात अडकवलेल्या छोट्या कर्ण्यातून बाहेर पडणार. मी म्हटलं, आकड्यांचे तुकडे भरू. हजार वेगळे, शेकडा वेगळा, पंचवीस, पन्नास वेगळे. जोडून कुठलाही दर तयार होईल.

अण्णांना ते पसंत पडलं नाही. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, पण जोर तोच. म्हणाले, "तुकडं जोडून बोली हुईत न्हाय, मॅडम. बोली एका दमात असती. परत्येक बोली येगळी म्हनतो मी."

मग आमच्या मागच्या खोलीत त्यांनी एकेक दर पुकारला. बसून जमेना, म्हणून स्टुलावर उभे राहिले. रस्त्यावरचे लोक दारात जमले. त्यांतल्या एका व्यापारी पावण्यानं तर सवयीनं बोट वर केलं, आणि अण्णांनीही सवयीनं दर पुढं नेला. त्यांच्या बायको, शेवंताक्का, दारात उभ्या होत्या. त्यांनी पावण्याला झापलं, "गूळ कुठाय म्हणून बोट वर करतोयस रं?" सगळे हसले. अण्णा हसताना खोकले आणि शेवंताक्कांनी तोंड फिरवलं.

तीन हजारांवर अण्णा थांबले. पाडव्याच्या मुहूर्ताला व्यापारी हौसेनं दर चढवतात, तेव्हा एका वर्षी त्यांनी क्विंटलला तीन हजार पुकारले होते. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी बोली. मी म्हटलं, "अण्णा, आणखी पुढचे भरून ठेवू. दर काय, वाढतच असतात. नंतर येणार नाही हो भरता."

अण्णा स्टुलावरून खाली उतरले. "जी बोली कुणी दिली न्हाय, ती पुकारनाऱ्यानं तोंडातनं काढायची न्हाय. खोटी बोली हुती ती. एकदा खोटं पुकारलं की मानसाचं सौद्यातलं तोंड गेलं. मला जाताना खरंच बोलून जाऊ द्या."

मी पुष्कळ समजावलं. यंत्रात भरून ठेवणं म्हणजे पुकारणं नव्हे, वगैरे. ते ऐकेनात. शेवटी शेवंताक्का म्हणाल्या, "मॅडम, त्यांच्या बानंबी आसंच केलं आसतं. सोडा." मी सोडलं.

ऑपरेशन झालं. गळ्यावर पांढरा कपडा बांधून, छातीवर कर्णा लावून अण्णा पुन्हा यार्डात उभे राहिले. पहिल्या दिवशी लोक थप्पीऐवजी त्यांच्याकडंच बघत राहिले म्हणे. मग व्यापाऱ्यांना सवय झाली. काडी टेकायची, आवाज घुमायचा, सूर चढायचा. दोन हंगाम असे पार पडले. अण्णा महिन्यातून एकदा फोन दाखवायला यायचे. मी उघडून बघायची तर आत गुळाची भुकटी, आणि एकदा तर मुंग्या.

अशात बातमी आली की आमची फोन कंपनी विकली गेली. तिचं बरं चाललेलं नाही हे आम्हाला कपाटावरूनच कळत होतं, मागवलेले भाग उशिरा आणि अर्धे यायचे. घेणारी कंपनी संगणक बनवणारी, मोठी, घरोघरी माहीत असलेली. मगदूमसाहेबांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी पेढे वाटले आणि चौकात भला मोठा डिजिटल बोर्ड लावला. त्यावर मधे त्यांचा हात जोडलेला फोटो, एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला काडीचा फोन आणि वर "हार्दिक अभिनंदन". वाचणाऱ्याला वाटावं, मगदूमांनीच दोन्ही कंपन्या घेतल्या. दिवसभर लोक त्यांना शुभेच्छा द्यायला येत होते आणि ते नाहीही म्हणत नव्हते.

बोर्ड उतरायच्या आत पुण्याहून साने नावाचे अधिकारी आले. हे आमच्याच जुन्या कंपनीतले, दर वर्षी भेटणारे, सज्जन माणूस. आता ते नव्या मालकाच्या वतीनं आले होते. जुन्या फोनच्या सगळ्या दुरुस्त्या बंद. कपाटातले भाग मोजून, सील करून परत पाठवायचे. कुणाचा फोन बिघडला तर त्याला नव्या कंपनीचा संगणक सवलतीत घ्यायची चिठ्ठी द्यायची. सान्यांनी हे सगळं खाली बघत सांगितलं. मग कपाटाला पट्टी लावून त्यावर लाखेचं सील मारलं. माझ्या हाताशी असलेलं कपाट एका मिनिटात परकं झालं.

नेमकं त्याच दिवशी दुपारी अण्णा आणि शेवंताक्का दुकानात आले. थप्पीवरून घसरलेला रवा अण्णांच्या हातावर आला होता. हात वाचला, फोनची काच तडकली होती. आतलं सगळं शाबूत. आवाज शाबूत. पण काच तडकली की काडी टेकवून उपयोग नाही, पडद्याला ती कळतच नाही. दुसऱ्या फोनवर आमची चौकटींची मांडणी चालत नव्हती, आणि काडीचा नवा फोन कोल्हापूरच्या बाजारात मिळायचा बंद झाला होता.

"कधी मिळंल?" शेवंताक्कांनी विचारलं.

उद्या म्हणायला माझं तोंड उघडेना. बदलायची काच कपाटात होती. मीच हट्टानं मागवून ठेवली होती. मी सीलकडं बोट दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं.

साने समोरच बसले होते. त्यांनी सवलतीची चिठ्ठी पुढं केली. शेवंताक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली. "कंप्युटर काय डोक्यावर घिऊन थप्पीपाशी हुबं ऱ्हायाचं व्हय?"

"वहिनी, मला समजतंय. पण हुकूम वरून आहे."

"त्यांचा अडत्या चार दिवस थांबतो म्हनलाय. मग दुसरा मानूस घेनार. त्याचंबी बरूबर हाय, सौदा कुनासाठी थांबत न्हाय. पर हे घरात बसलं तर जगत न्हाईत, साहेब. आवाज गेला तवा रडलं न्हाईत. काच फुटली तवा रडलं."

अण्णांनी पिशवीतून पाटी काढली. ऑपरेशननंतर ते घरात पाटीवर लिहून बोलायचे. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कंपनी कुणी घेतली?"

"संगणकवाल्यांनी," साने म्हणाले.

अण्णांनी हातानं पुसून पुन्हा लिहिलं, "थप्पी अख्खी उचलायची असते."

सान्यांना कळलं नाही. शेवंताक्कांनी उलगडून सांगितलं. "बोली झाली की अख्खी थप्पी उचलायची, साहेब. वरचा पिवळा रवा तेवढा न्हेतो, तळातला काळा हितंच ऱ्हाऊ दे, असं म्हनून चालत न्हाय. तसं करनाऱ्याला दुसऱ्या दिवशी यार्डात कोन उभं करून घेत न्हाय. तुमच्या मालकानं कंपनी घेतली न्हवं? मग आमीबी त्या थप्पीतच हाय. तळाला असू, पर हाय की!"

सान्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वहिनी, मी वरचा की तळातला हे मलाही अजून कळलेलं नाही. मला त्यांनी काही महिन्यांचंच पत्र दिलंय. भाग परत आले की बघू म्हणालेत."

"मग तुमी तळातलंच," शेवंताक्का म्हणाल्या.

सान्यांनाच हसू फुटलं. मगदूमसाहेब हसले, मी हसले. अण्णाही हसले, नुसते खांदे हलवत, आवाजाशिवाय. हसू ओसरल्यावर साने उठले आणि त्यांनी स्वतः मारलेलं सील स्वतःच तोडलं.

"वर काय सांगणार?" मी विचारलं.

"खरं तेच. एक काच वापरली. गिऱ्हाईक आपलंच होतं म्हणून."

मी त्या काचेइतकं सांभाळून कुठलंच काम केलं नसेल. तडकलेली काच गरम हवेनं सैल करायची, पातळ पात्यानं उचलायची, खालची तारांची पट्टी अजिबात दुखवायची नाही. दुसरी काच नव्हती, त्यामुळं चुकायची मुभाही नव्हती. शेवंताक्का सगळा वेळ माझ्या हाताकडं बघत होत्या. शेवटी अण्णांनी काडी टेकवली आणि दुकानात त्यांचा भरदार आवाज घुमला. मगदूमसाहेबांनी उरलेले पेढे काढले.

पुढं आमच्या फोनचं काय झालं ते थोडक्यात सांगते. संगणक कंपनीनं थोड्याच दिवसांत काडीचा फोन बंद केला. त्यांना म्हणे त्यातलं डोकं, म्हणजे सॉफ्टवेअर, हवं होतं, फोन नको होता. कपाट रिकामं झालं. सान्यांचं पत्र संपलं, ते नातेवाइकांच्या धंद्यात गेले. काच वापरल्याबद्दल त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. मला अजून वाटतं की तो फोन बंद पडायला नको होता. चांगली वस्तू बिघडून गेली तर समजून घेता येतं, न बिघडता गेली की मनाला लागतं.

पण मला सांगायचंय ते काच बसवली त्याच हंगामातलं. त्या वर्षी गुळाचे दर असे चढले की यार्डातले म्हातारेही चकित झाले. एका सकाळी काच नीट चालते का ते बघायला मी कामावर जाता जाता यार्डात गेले. शेवंताक्का अण्णांचा डबा घेऊन आल्या होत्या, त्यांच्याशेजारी कडेला उभी राहिले. घोळका एका पिवळ्याधमक थप्पीपाशी थांबला. काडी टेकत होती, आवाज चढत होता. ते ऐकताना मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

"तीन हजार!" कर्ण्यातून अण्णांचा पाडव्याचा आवाज आला. आणि एका व्यापाऱ्यानं बोट वर केलं.

अण्णांची काडी शेवटच्या चौकटीवर थांबली. पुढं चौकट नव्हती. शेवंताक्कांनी माझा हात घट्ट धरला. मुनीमानं लिहिता लिहिता मान वर केली. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं? थांबला का?"

अण्णांनी काडी खोबणीत घातली. फोन खिशात टाकला. दोन्ही पाय रोवले, स्टुलावर उभे राहायचे तशी छाती भरून घेतली, आणि तोंड उघडून पुकारलं. आवाज आलाच नाही. गळ्यावरचा कपडा तेवढा फडफडला. पण ओठांवर बोली पूर्ण होती, हात नेहमीसारखा वर गेला होता, मान चढत्या सुरासारखी मागं गेली होती.

मुनीमानं खाली बघून दर लिहिला. व्यापाऱ्यानं मान हलवली. दुसऱ्यानं बोट वर केलं, अण्णांनी पुन्हा पुकारलं. पुढच्या रांगेतला एकजण वळून मागच्याला म्हणाला, "तीन हजार पंचवीस म्हनतोय अण्णा." मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. तिसऱ्या बोलीला तर अख्खा घोळकाच अण्णांबरोबर ओरडला, सूर चढवून, अगदी त्यांच्यासारखा. पार फाटकापाशी ट्रॅक्टरला टेकून उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

माझे डोळे भरून आले. शेवंताक्का मात्र कोरड्याच होत्या. त्यांनी माझा हात सोडला आणि डब्याची पिशवी खांद्यावर सारखी केली.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमची काच वाया गेली की."

खरंच गेली. त्या हंगामात गूळ पुन्हा तीन हजारांच्या खाली फारसा उतरला नाही, आणि फोन बहुतेक वेळ अण्णांच्या खिशातच राहिला. इतक्या वर्षांत मी बसवलेल्या काचांपैकी वाया गेलेल्या पुष्कळ, पण जिचं वाईट वाटलं नाही अशी ती एकच.